ब्रेक दाबला, पण जोर गेला कुठे?

या वेळी पत्रं बघितली तर निम्म्याहून जास्त ब्रेकचीच. मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की जुनी गाडी चालू करणं सोपं, थांबवणं अवघड, ते बहुतेक लोकांना लागलं. म्हणून या अंकात कार्बोरेटर, वायरिंग सगळं बाजूला ठेवलंय आणि फक्त मेकॅनिकल ब्रेक घेतलेत, म्हणजे केबलवर नाहीतर रॉडवर चालणारे, ज्यात ब्रेक ऑईलचा थेंबही नसतो असे. नवख्यांसाठी एका ओळीत : चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा म्हणजे ड्रम, त्याच्या आत एका न फिरणाऱ्या प्लेटवर बसवलेले दोन अर्धगोल शू, शूवर चिकटवलेला घासणारा थर म्हणजे लायनर, आणि शूंना ड्रमवर दाबायला कॅम नाहीतर पाचर.

प्रश्न : काका, नमस्कार. आजोबांची १९६८ ची जावा २५० आहे, म्हैसूरला बनलेली. इंजिन मस्त झालंय पण पुढचा ब्रेक म्हणजे नुसता देखावा. लिव्हर पार ग्रिपला टेकतो तरी गाडी आपली पुढेच. नवीन शू टाकले, नवीन केबल टाकली, फरक शून्य. गेल्या रविवारी कात्रजच्या जुन्या घाटातून उतरताना पुढे एसटी थांबली आणि मला अक्षरशः पाय घासत थांबावं लागलं. आता एक मेकॅनिक म्हणतोय की पुढे डिस्क बसवून देतो, कटकट मिटेल. बसवू का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : डिस्कचं शेवटी बोलू. तुमच्या ड्रममधे त्या गाडीला आरामात थांबवण्याइतकी ताकद आहे, फक्त तुमच्या हाताचा जोर तिथपर्यंत पोचत नाहीये. गळक्या घागरीने पाणी आणण्यासारखं आहे बघा हे, विहिरीपाशी भरलेली घागर घरी येईपर्यंत अर्धी. तुम्ही शू बदलले, केबल बदलली, म्हणजे घागरीत पाणी जास्त भरलंत, भोकं तशीच.

तर भोकं शोधायची. गाडी स्टँडवर लावा, कोणाला तरी लिव्हर जोरात दाबून धरायला सांगा आणि तुम्ही नुसतं केबलकडे बघत बसा. बाहेरचं आवरण कुठे वाकतंय, सरळ होतंय, टोकाची टोपी आत दबतीये का? जेवढं आवरण हललं तेवढा तुमचा जोर वाया. स्वस्तातल्या केबलची आवरणं दाबली की स्प्रिंगसारखी आखूड होतात, लिव्हर हाताला रबरासारखा लागतो आणि आपल्याला वाटतं शू खराब आहेत. जाड आवरणाची केबल घ्या, दोन्ही टोकांच्या टोप्या घट्ट बसतात ना बघा, आणि हँडलपासून चाकापर्यंत मोठ्या, सैल वळणाने आणा, हेडलाईटच्या मागे कोंबून काटकोनात वळवू नका. आत नायलॉनचं अस्तर असेल तर त्यात ऑईल ओतायच्या भानगडीत पडू नका, नसेल तर मात्र बसवण्याआधी ऑईल सोडून घ्या.

दुसरं भोक बहुतेक जणांना दिसतच नाही. चाकापाशी जो छोटा लिव्हर कॅम फिरवतो, तो आणि केबल यांच्यातला कोन बघा, आणि तो ब्रेक पूर्ण दाबलेला असताना बघायचा, सोडलेला असताना नाही. दाबल्यावर तो काटकोन हवा, ९० अंश. लिव्हर पुढे जाऊन १३५ अंशापर्यंत गेला तर तुमच्या ओढीतला जवळजवळ ३० टक्के जोर कॅम फिरवायच्या कामीच येत नाही, नुसता लिव्हरला त्याच्याच लांबीच्या दिशेने ताणत बसतो. शाळेतलं साइन आठवा, इथे उपयोगी पडतं. बरेचदा काय होतं की कोणीतरी कधीतरी शू झिजले म्हणून अॅडजस्टर (केबल ताणायचा स्क्रू) पिळत पिळत संपवतो, मग लिव्हर काढून खाचांवर एक घर सरकवून लावतो आणि गाडी पुढच्या मालकाच्या गळ्यात. नवीन शू टाकल्यावर लिव्हर परत जागेवर आणलाय का ते आधी बघा. आणि शू अर्धे झिजलेले असताना लिव्हर सरकवून काटकोन आणायचा मोह टाळा, कॅम आत जास्त फिरून आडवा पडला तर ब्रेक लागलेलाच राहील आणि तो कुठे लागून राहील ते तुम्ही ठरवणार नाही.

हँडलचा लिव्हर मूळचा आहे का? नाना पेठेत दिसायला हुबेहूब लिव्हर मिळतात पण लिव्हरची पिन ते केबलचा निपल (टोकाचा गोळा) हे अंतर निराळं असतं. ते अंतर कमी असेल तर जोर जास्त मिळतो पण हात लांब जातो, जास्त असेल तर लिव्हर छान कडक लागतो आणि गाडी मात्र थांबत नाही. कडक लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक असं समजणारे खूप भेटतात.

आता नवीन शू. नवीन म्हणून ते ड्रमला सगळीकडे टेकतात असं अजिबात नाही. ड्रमच्या आत खडू घासा, चाक बसवा, फिरवत हलका ब्रेक लावा, काढा आणि लायनरवर खडू कुठे लागलाय ते बघा. मधेच एवढासा पट्टा असेल तर तेवढ्यावरच तुमची गाडी थांबतीये. दोन्ही टोकांना लागला असेल तर उलटा त्रास, ब्रेक एकदम पकडतो, झटके देतो. जिथे खडू लागला तेवढंच पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचं, परत लावायचं, परत बघायचं. एक अख्खी दुपार जाते. घासताना लायनर ओला ठेवा आणि तोंडाला मास्क लावा. जुन्या बाजारातून डब्यातले जुने शू आणले असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला, ते घासूच नका, आणि ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू तर मुळीच नका. पंक्चरवाल्याकडे पोरं ती धूळ फुर्रकन उडवतात ना, ते बघून मला धडकी भरते, कारण ती फुप्फुसात गेली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

ड्रम गोल आहे का हाही प्रश्न आहे. लिव्हर दाबल्यावर हाताला ठक ठक असं ढकलल्यासारखं लागत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय. तो लेथवर टर्न करून घ्यायचा, पण ऐका, स्पोक असलेलं चाक पूर्ण असेंबल करून, स्पोक ताणलेले असताना. नुसता हब टर्न करून आणला आणि मग स्पोक ओढले तर तेच स्पोक ड्रमला परत खेचून वाकडा करतात. सगळे टर्नर अख्खं चाक लेथवर घ्यायला तयार होत नाहीत, भोसरीत दोन-चार ठिकाणी विचारावं लागेल, मशीन मोठं लागतं. आणि ड्रम मोठा झाला की बाजारातला शू परत मधेच टेकणार, म्हणून जाड लायनर लावून तो मापाला उतरवून घ्यावा लागतो. दोन्ही कामं एकाच माणसाला द्या, नाहीतर हा त्याचं नाव सांगेल, तो याचं.

सगळं झालं की फुकटातली एक गोष्ट. एक्सलचं नट थोडं सैल ठेवा, चाक फिरवा, पुढचा ब्रेक जोरात दाबून धरा आणि धरलेला असतानाच नट आवळा. त्याने शूची प्लेट ड्रमच्या बरोबर मध्यावर येते. पाच मिनिटांचं काम आहे आणि कित्येक गाड्यांना एवढ्यानेच फरक पडलेला मी बघितलाय. त्यानंतर शे-दोनशे किलोमीटर शांतपणे चालवून शू बसू द्या, लगेच कात्रज गाठू नका.

आणि डिस्क. तुमची गाडी ५० वर्षांच्या वर गेलेली आहे, म्हणजे २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ती व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजमधे नोंदवता येते, नवीन नोंदणीला २० हजार, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५ हजार. त्यात अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत, आणि गाडी तपासून मगच व्हिंटेजचं नाव मिळतं. डिस्कसाठी फोर्क बदला, हब बदला, मग रिम जमत नाही म्हणून रिम बदला, असं करत करत आजोबांची जावा फक्त टाकीपुरती उरेल. हेही सांगतो की व्हीए नंबर घेतलात तर ती गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. रोज मंडईत न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी. मी असतो तर डिस्क बसवली नसती.

प्रश्न : आमच्याकडे १९५१ ची फोर्ड प्रिफेक्ट आहे, चारी चाकांना रॉडचे ब्रेक. दाबला की गाडी डावीकडे ओढते. फिटरने रॉड आखूड करून पेडल छान वर आणून दिलं, पण आता दहा-पंधरा मिनिटं चालवली की ब्रेक धरूनच बसतात आणि चाकं तापतात. हायड्रॉलिक करून घ्यावं का?
— एक वाचक, प्रभात रोड

उत्तर : फिटरने जे केलं ते उलट करा. रॉड हे पेडल वर आणायचं साधन नाही. या गाडीला गर्लिंग कंपनीचे मेकॅनिकल ब्रेक आहेत, १० इंची ड्रम, आणि शू झिजले की ते चाकापाशी, प्लेटच्या मागे जो चौकोनी टोकाचा अॅडजस्टर असतो ना तिथूनच पुढे घ्यायचे. फिरवताना टक टक असं लागतं. शू ड्रमला टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग चाक मोकळं फिरेल एवढा मागे घ्यायचा. रॉडची लांबी एकदा बसवली की तिला हात लावायचा नाही. आखूड केले की ब्रेक सोडलेला असतानाही शूंना ड्रमवर दाबणारी आतली पाचर थोडी ओढलेलीच राहते, शू घासत राहतात, तापतात, आणि तुमचे धरून बसतात ते याच्यामुळेच.

डावीकडे ओढण्याचं थोडं सविस्तर. हायड्रॉलिकमधे ऑईलचा दाब चारी चाकांना आपोआप सारखाच पोचतो, चूक झाली तरी तो सांभाळून घेतो. रॉडमधे ती सोय नाही, चार चाकांची चार स्वतंत्र बिऱ्हाडं, आणि एकाने अंग चोरलं की गाडी तिकडे वळते जिकडचं काम करतंय. म्हणजे तुमचं डावं चाक बरोबर असेल आणि उजवं आळशी. उजवा पुढचा ड्रम काढा. लायनर ग्रीसने किंवा ऑईलने भिजलाय? मग तो रॉकेलने धुवून, भाजून वगैरे परत लावू नका, गरम झाला की आत मुरलेलं ऑईल परत वर येतं. आधी सील बदला, मग लायनर, आणि लायनर दोन्ही बाजूंचे एकाच वेळी, एकाच मटेरियलचे. पाचर आणि तिचे रोलर गंजून जाम झालेत का बघा, कित्येक वर्षं कोणी उघडलेलेच नसतात.

मग गाडी चारी बाजूंनी ठोकळ्यांवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही हं. पेडल आणि सीट यांच्यात लाकडी काठी अडकवून पेडल थोडंसं दाबून ठेवा आणि एकेक चाक हाताने फिरवून बघा, पुढची दोन आपापसात सारखी जड लागली पाहिजेत, मागची दोन आपापसात. तसं येईपर्यंत अॅडजस्टर. रस्त्यावर जाऊन तपासण्यापेक्षा हे शंभर पटीने चांगलं.

रॉडच्या पिना बघितल्यात? पेडलपासून चाकापर्यंत जेवढे सांधे तेवढ्या पिना, आणि प्रत्येक पिन नि भोक थोडं थोडं झिजलेलं. एकेकाचं अर्धा मिलिमीटर धरा, सहा सांध्यांचे तीन मिलिमीटर झाले, आणि ते तीन मिलिमीटर पेडलपाशी येईपर्यंत कितीतरी पट होतात. पेडल खाली जातं म्हणून फिटर रॉड आखूड करतो, ते याचंच. नुसत्या नवीन पिना घालून भागत नाही, भोकं लांबट झालेली असतात, ती मोठी करून बुश घाला किंवा जाड पिना करून घ्या. आडव्या शाफ्टचे बुश पण बघा. या कामाचं बिल बघून लोक नाक मुरडतात कारण बाहेरून काहीच नवीन दिसत नाही.

आणि एक, या गाडीला पुढे आडवी पाटा स्प्रिंग आहे, एक्सलला मागून धरणाऱ्या दांड्यांचा जो बॉल आहे तो झिजला असेल तर ब्रेक लावल्यावर अख्खा एक्सल थोडा फिरतो आणि रॉडची लांबी आपोआप बदलते. मग तुम्ही कितीही अॅडजस्ट करा, उभ्या गाडीत बरोबर, चालत्या गाडीत चूक. बॉल आधी बघा खरं तर, मी शेवटी सांगतोय.

हायड्रॉलिक कशाला? क्रायस्लरने १९२४ मधेच हायड्रॉलिक दिले तरी अमेरिकेतल्या फोर्डने १९३९ चं मॉडेल येईपर्यंत मेकॅनिकल ब्रेक सोडले नाहीत, आणि तुमची प्रिफेक्ट तर १९५३ पर्यंत रॉडवरच बनत होती. जुन्या जमान्यातला हट्ट म्हणा हवं तर. पण तो हट्ट नीट बसवलेला असला की थांबतो, फक्त डेक्कनच्या ट्रॅफिकमधे पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून चालवायची गाडी ती नाही. ताशी ४० च्या ऐवजी ६० ने चाललात तर ब्रेक लागल्यापासून थांबायला दीडपट नाही, सव्वादोनपट अंतर लागतं, हे कुठल्याही ब्रेकला लागू आहे.

प्रश्न : काका, मी कॉलेजला आहे, बाबांची जुनी बुलेट चालवते, पुढे ड्रमच आहे, दोन कॅमवाला. सरळ रस्त्यावर ब्रेक एकदम भारी. पण सिंहगडावर चढताना गर्दीत थांबले तर पुढचा ब्रेक दाबूनही गाडी मागे घरंगळते. बाबा म्हणतात तुझ्या हातात जोर नाही.
— एक वाचक, धायरी

उत्तर : अगं, तुझ्या हातात जोर भरपूर आहे, बाबांना हे वाचून दाखव. दोन कॅमवाल्या ब्रेकमधे दोन्ही शू असे बसवलेले असतात की चाक पुढे फिरताना ड्रमच त्यांना आणखी स्वतःकडे खेचून घेतो, म्हणजे तू थोडं दाबतेस, उरलेलं चाकाची फिरकीच करते. चाक उलटं फिरायला लागलं की तोच ड्रम दोन्ही शूंना स्वतःपासून लांब ढकलतो. साध्या एका कॅमच्या ब्रेकमधे एक शू पुढे जाताना मदत करतो, दुसरा मागे येताना, त्यामुळे तो दोन्हीकडे बरा. तुझा पुढे जाताना जबरदस्त, मागे येताना लुळा. दोष नाही, रचनाच तशी. चढावर थांबलीस की मागचा ब्रेक पायाने धरून ठेव, तो एका कॅमचा आहे, धरेल.

एक मात्र तपासून घे. दोन कॅमच्या लिव्हरना जोडणारी जी छोटी दांडी असते, तिची लांबी चुकलेली असेल तर एकच शू काम करतो. दांडी सोडवायची, दोन्ही लिव्हर वेगवेगळे शू टेकेपर्यंत फिरवायचे, आणि त्या स्थितीत दांडी न ओढता न ढकलता अलगद बसेल एवढी लांबी करायची. बाबांना हाताशी घे.

प्रश्न : आमची जुनी चेतक घेऊन सासवडहून दोघं येताना दिवे घाट उतरला की जळका वास येतो आणि पायाचा ब्रेक खोल जातो. खाली वडकीला थांबून चहा घेतला की परत ठीक. काय करावं?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : चहा घेताय ते चालू ठेवा. ड्रम तापला की तो फुगतो, शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खोल जातं, आणि लायनर जास्त तापला की त्याची पकड पण कमी होते. थंड झालं की परत सगळं जागेवर. उतारावर पाय सतत पेडलवर टेकवून घासत येऊ नका, त्याने ड्रमला गार व्हायला वेळच मिळत नाही. एकदा नीट, जोरात दाबून वेग कमी करा, पूर्ण सोडा, परत दाबा, आणि पुढचाही बरोबर वापरा, पुष्कळ लोक पुढचा ब्रेक दागिन्यासारखा ठेवतात.

दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची हौस करू नका. पण दोन-स्ट्रोकचं इंजिन गाडीला फारसं अडवत नाही, फोर-स्ट्रोकची सवय असलेल्यांना फसायला होतं. आणि आणखी एक भानगड आहे जी ब्रेकच्या प्रश्नात कोणी विचारत नाही. या इंजिनाला ऑईल पेट्रोलमधूनच मिळतं. पूर्ण उतार अॅक्सिलरेटर बंद ठेवून गिअरमधे आलात तर इंजिन जोरात फिरतंय आणि ऑईल मात्र नावाला जातंय, पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून मधे मधे क्लच दाबून थोडा अॅक्सिलरेटर द्या. वरच्या जावावाल्यांनीही हे वाचावं.

वास नेहमीचाच झाला असेल तर लायनर उघडून बघा, काचेसारखा चकचकीत झाला असेल तर बदललेला बरा.

प्रश्न : पावसात चार-पाच किलोमीटर गेलं की ब्रेक लागतच नाही, आणि कोरडं झालं की चर्र ओरडतो. कॅमला ग्रीस लावलं तर आवाज जाईल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ड्रममधे पाणी जातंय. पाण्यातून बाहेर आलात की शंभर-दोनशे मीटर ब्रेक हलकाच लावून चालवा, उष्णतेने वाळतो. प्लेटची कड वाकली आहे का, ड्रमला नीट झाकते का बघा.

ग्रीसचं म्हणाल तर कॅमला लागतं, पण जास्त तापमानाचं आणि बोटाच्या टोकावर येईल एवढंच. मी शिकाऊ असताना आवाज जाईना म्हणून कॅमला चमचाभर साधं ग्रीस फासलं होतं. आवाज गेला. ब्रेकही गेला, पर्वतीच्या पायथ्याशी, समोर मेथीची हातगाडी. मेथीवाल्या मावशींनी सगळ्या जुड्यांचे पैसे घेतले आणि जुड्या पण दिल्या नाहीत.